रिकामा पाळणा : जपानची गोष्ट आणि आपण

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत भिलाई येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आरती झाल्यावर आणि प्रसाद वाटण्याआधी व्याख्यान देणे हे मोठे अवघड काम आहे. लोकांचे लक्ष वक्त्याकडे कमी आणि पातेल्याकडे जास्त असते. तेव्हा वेळेत संपवीन, एवढे आश्वासन आधीच देतो. आमचे छत्तीसगढी, बंगाली आणि तेलुगू मित्रही समोर बसले आहेत. चाळीस वर्षे आमच्याबरोबर मोदक खाऊन त्यांना मराठी बरीच समजू लागली आहे. कुठे अडले तर शेजाऱ्याला विचारावे.

विषय जपानचा आहे. गणपतीच्या मांडवात जपान कशाला, असे कोणाला वाटेल. पण आपला बाप्पा जपानातही आहे, हे अनेकांना माहीत नसेल. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तो तिकडे गेला आणि 'कांगितेन' या नावाने राहिला. टोकियोच्या असाकुसा भागात त्याचे एक जुने मंदिर आहे. तिथे त्याला मोदकांऐवजी लांब पांढरा मुळा वाहतात. मुळा ही पतीपत्नीच्या सुखी संसाराची खूण, आणि मंदिरावर कोरलेली पैशाची थैली ही व्यापारातल्या बरकतीची. म्हणजे जपानी माणूस बाप्पापाशी संसार आणि पैसा दोन्ही मागत आला. पैसा भरपूर मिळाला. संसाराचे काय झाले, ते आज सांगायचे आहे.

मी १९८९ साली कारखान्याच्या कामानिमित्त तीन आठवडे जपानात होतो. तेव्हा ते राष्ट्र अगदी भरात होते. आगगाड्या तुडुंब, रस्ते तुडुंब, दुकाने तुडुंब. 'या देशाला एक दिवस माणसे कमी पडतील' असे कोणी सांगितले असते, तर मी हसलो असतो. आणि गंमत अशी, की नेमके तेच वर्ष तिथे इतिहासात नोंदले गेले. कसे, ते सांगतो.

लोकसंख्याशास्त्रात एक साधा आकडा असतो. एक स्त्री आयुष्यात सरासरी किती मुलांना जन्म देते, त्याला एकूण प्रजननदर म्हणतात. आईबापांची जागा पुढच्या पिढीने भरून काढायची, तर हा आकडा सुमारे २.१ हवा. दोन मुले दोघांच्या जागी, आणि वरचे दशांश लहानपणी दगावणाऱ्यांसाठी व मुलींपेक्षा मुलगे थोडे जास्त जन्मतात त्यासाठी. जपानात १९४७ साली हा दर साडेचार होता. युद्ध संपले होते, सैनिक घरी परतले होते. एकट्या १९४९ साली जवळजवळ २७ लाख मुले जन्मली. पुढे अवघ्या दहा वर्षांत, १९५७ पर्यंत, हा दर दोनवर आला.

मध्येच १९६६ साल आले. त्यांच्या पंचांगात साठ वर्षांचे चक्र असते. त्यात एक वर्ष 'अग्नी-अश्व' म्हणून येते. त्या वर्षी जन्मलेली मुलगी तापट निघते आणि नवऱ्याच्या जिवावर उठते, अशी समजूत. आपल्याकडच्या मंगळी मुलीची किंवा मूळ नक्षत्राची आठवण झाली ना? तर १९६५ साली १८ लाख मुले जन्मली होती, १९६६ साली साडेतेरा लाखांच्या आसपास आणि १९६७ साली पुन्हा १९ लाखांवर. यंत्रयुगातल्या, सुशिक्षित देशाने एका वर्षापुरते पाळणे रिकामे ठेवले! त्या वर्षाचा दर होता १.५८. हे अग्नी-अश्वाचे वर्ष साठ वर्षांनी, म्हणजे २०२६ साली, पुन्हा येते.

आता १९८९ साल. त्या वर्षी काहीही अपशकुन नव्हता, पंचांगात काही वाईट नव्हते. पण पुढच्या वर्षी आकडा जाहीर झाला तो १.५७. म्हणजे अंधश्रद्धेपायी मुले टाळलेल्या वर्षापेक्षाही कमी. तेव्हा सरकार दचकून जागे झाले. जपानी लोक त्याला '१.५७ चा धक्का' म्हणतात. मी तेव्हा त्या तुडुंब गाडीत लोंबकळत होतो आणि मला काही दिसले नव्हते. त्यांनाही दिसले नव्हते.

का दिसले नाही? इथे समोर भट्टीवर काम केलेली मंडळी आहेत, त्यांना चटकन समजेल. ब्लास्ट फर्नेसमध्ये वरून टाकलेला माल खाली रस होऊन बाहेर पडायला कित्येक तास लागतात. टाकताना चूक झाली तर ती आपल्या पाळीत दिसत नाही, पुढच्या पाळीवाल्याला दिसते. लोकसंख्येच्या भट्टीत ही पाळी तीस वर्षांची असते. जपानचा दर १९७४ पासून दोन-दशांश-एकच्या खाली आहे. पण आधीच्या मोठ्या पिढ्या तरुण होत्या, आयुर्मान वाढत होते. त्यामुळे लोकसंख्या २००८ पर्यंत वाढतच राहिली. चौतीस वर्षे! चौतीस वर्षे सगळे आलबेल दिसत होते. मग शिखर आले, १२ कोटी ८० लाखांचे. २०२४ च्या ऑक्टोबरात ती संख्या १२ कोटी ३८ लाखांवर उतरली.

एकट्या २०२४ साली तिथल्या नागरिकांत जन्म झाले ६ लाख ८६ हजार, आणि मृत्यू १६ लाखांवर. वजाबाकी नऊ लाखांहून जास्त. २०११ च्या जनगणनेत आपल्या दुर्ग-भिलाईची मिळून लोकसंख्या साडेदहा लाखांच्या आसपास होती. म्हणजे जवळजवळ आपल्या जुळ्या शहराएवढी माणसे एका वर्षात वजा. त्या वर्षी दर घसरून १.१५ वर आला.

'सरकारने काय केले?' असे तुम्ही विचाराल. बरेच केले. १९९४ साली पाळणाघरांची मोठी योजना आणली, तिला 'एंजेल प्लॅन' म्हणतात. पुढे कायदे झाले, भत्ते वाढले, मंत्री नेमले, २०२३ साली बालकांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय विभाग उघडला. थोडे यशही आले. २००५ साली १.२६ असलेला दर २०१५ साली १.४५ झाला. पण त्याच दहा वर्षांतला दुसरा आकडा पाहा. २००५ साली जन्म झाले साडेदहा लाखांच्या थोडे वर आणि २०१५ साली दहा लाखांच्या थोडे वर. दर वाढला आणि मुले कमी झाली! कारण आई होण्याच्या वयाच्या स्त्रियाच कमी झाल्या होत्या. १९८९ साली ज्या मुली जन्मल्या नाहीत, त्या २०१५ साली आया कुठून होणार? भत्ता जिवंत बाईला देता येतो. न जन्मलेल्या बाईला देता येत नाही. माझ्या आजच्या बोलण्यातले एवढे एक वाक्य लक्षात राहिले तरी पुरे.

आता मुले का होत नाहीत, याची आपल्याकडची ठरावीक उत्तरे असतात. बायका शिकल्या, बायका नोकरी करू लागल्या, तरुण पिढी स्वार्थी झाली. जपानचे आकडे वेगळेच सांगतात. लग्न होऊन बरीच वर्षे झालेल्या जोडप्यांना तिथे अजूनही सरासरी जवळजवळ दोन मुले असतात. २०२१ च्या पाहणीत ती सरासरी १.९ होती. मग घट कुठे आहे? लग्नातच. १९७२ साली जवळपास ११ लाख लग्ने झाली होती, २०२३ साली पाच लाखांच्या आत. तिथे लग्नाशिवाय मूल क्वचितच होते. त्यामुळे लग्न टळले की मूलही टळते. २०२० च्या जनगणनेनुसार पन्नाशीपर्यंत अविवाहित राहिलेले पुरुष २८ टक्के होते आणि स्त्रिया जवळजवळ १८ टक्के.

आणि लग्न का टळते? तरुणांना पक्की नोकरी मिळत नाही. मिळाली तर ती रात्री नऊपर्यंत सोडत नाही. घर महाग, शिकवण्या महाग. आणि लग्न केले की स्वयंपाक, मूल, सासूसासरे हे सगळे बाईच्या गळ्यात. बाळंतपणानंतर वडिलांनी रजा घ्यावी असा कायदा तिथे उत्तम आहे. पण २०२३ सालीसुद्धा ती घेणारे वडील शंभरात तीसच होते, आणि हे प्रमाण पूर्वीच्या मानाने बरेच वाढलेले! शिकलेली मुलगी हा हिशेब मांडते आणि 'नको' म्हणते. तिला स्वार्थी म्हणणे सोपे आहे. तिचा हिशेब चुकीचा आहे हे दाखवून देणे अवघड आहे.

यातून गावांचे काय होते, ते दोन उदाहरणांनी सांगतो. होक्काइदो बेटावर युबारी नावाचे गाव आहे, कोळशाच्या खाणींचे. आपल्यासारखेच, एका उद्योगावर उभे. १९६० च्या सुमारास तिथे एक लाखाहून जास्त वस्ती होती. खाणी एकेक करून बंद झाल्या, १९९० साली शेवटची बंद झाली. तरुण बाहेर पडले. नगरपालिकेने पर्यटनावर कर्ज काढून उधळण केली आणि २००७ साली तिचे दिवाळे निघाले. २०२० पर्यंत वस्ती साडेसात हजारांच्या आत आली. सगळ्या शाळा मिळून एक प्राथमिक आणि एक माध्यमिक उरली. इथे जन्मदरापेक्षा रोजगार जाण्याचा वाटा मोठा आहे, हे खरे. पण ज्या देशात सगळीकडेच मुले कमी, तिथे असे एकदा रिकामे झालेले गाव पुन्हा भरत नाही.

दुसरे शिकोकू बेटावरचे नागोरो. डोंगरातले खेडे. २०१२ साली तिथली शाळा बंद पडली. गावातल्या एका बाईने गेलेल्या, सोडून गेलेल्या माणसांच्या आकाराच्या कापडी बाहुल्या करून ठेवायला सुरुवात केली. शेतात बाहुली, बसथांब्यावर बाहुली, आणि बंद शाळेच्या वर्गात बाकांवर बाहुल्या. आज गावात माणसांपेक्षा बाहुल्या कितीतरी जास्त आहेत. पर्यटक फोटो काढायला जातात. मला तो फोटो पाहवत नाही.

अख्ख्या देशात मिळून २०२३ साली ९० लाख घरे रिकामी होती. शंभरातली जवळजवळ चौदा.

असो. आता 'हे सगळे जपानला लखलाभ, आपल्याकडे तर गर्दीच गर्दी' असे म्हणून उठू नका. प्रसाद अजून यायचा आहे.

आपण २०२३ साली चीनला मागे टाकून सर्वांत मोठे राष्ट्र झालो, हे खरे. पण २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारताचा दर २.० आला. १९९२-९३ च्या पहिल्या पाहणीत तो ३.४ होता. महाराष्ट्र १.७, आपले छत्तीसगढ १.८. बिहार तेव्हा ३.० वर होता, तर सिक्कीम १.१ वर, आजच्या जपानच्या पंक्तीला. देशातल्या शहरांचा आकडा १.६. म्हणजे हिशेबाने आपण जपानच्या १९७४ सालात उभे आहोत. गर्दी दिसते आहे, वाढतेही आहे. संयुक्त राष्ट्रसंघाचा २०२४ चा अंदाज असा, की २०६० नंतरच्या काही वर्षांत आपण १७० कोटींच्या आसपास शिखर गाठू आणि मग उतरू लागू. भट्टीत माल पडला आहे. रस पुढच्या पाळीत दिसेल.

एक फरक मात्र मोठा आहे. जपान म्हातारा होण्याआधी श्रीमंत झाला. २००० साली त्यांनी म्हाताऱ्यांच्या शुश्रूषेसाठी स्वतंत्र विमा सुरू केला. चाळिशीनंतर प्रत्येकाने हप्ता भरायचा, आणि गरज पडली की आंघोळ घालायला, जेवू घालायला माणूस घरी येतो. आपल्याकडे २०२४ पासून सत्तरीपुढच्यांना आयुष्मान योजनेत इस्पितळाचा खर्च मिळू लागला, ही चांगली गोष्ट झाली. पण रोज सकाळी चहा कोण देणार, याची योजना आपल्याकडे अजून 'सूनबाई' हीच आहे. आणि सूनबाई पुण्यात आहे, बंगळूरला आहे, ह्यूस्टनला आहे.

मग उपाय काय? काही पुढारी हल्ली 'जास्त मुले जन्माला घाला' असे सांगू लागले आहेत. मला आठवते, मी कारखान्यात लागलो तेव्हा भिंतीभिंतींवर लाल त्रिकोण होता आणि 'हम दो, हमारे दो' लिहिलेले असे. १९७६ साली आणीबाणीत तर सक्तीची नसबंदी झाली. तेव्हा 'नको' म्हणून सांगत होतो, आता 'हवे' म्हणून सांगायचे. दोन्ही वेळा जिला मूल व्हायचे तिला विचारायचेच नाही! आपल्या मराठी माणसांपैकी रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवले, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. त्यांचा मुद्दा केवळ मुले कमी व्हावीत एवढा नव्हता. मूल केव्हा आणि किती हवे, हे बाईच्या हाती असावे हा होता. शंभर वर्षांनीही तो मुद्दा तसाच उभा आहे.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. माझी एकुलती एक मुलगी बंगळूरला असते. लग्नाला सात वर्षे झाली. दर रविवारी फोनवर मी तिला आडून आडून विचारायचो, 'काय, पेढे कधी?' मला वाटे, बापाचा हक्कच आहे. एकदा ती म्हणाली, "बाबा, सहा महिने रजा कायद्याने मिळते. सातव्या महिन्यात बाळाला कोणाकडे ठेवू? तुम्ही येता का?" मी म्हणालो, "अगं, इथे घर आहे, मंडळ आहे, तुझ्या आईची भजनी मंडळी आहे..." ती शांतपणे म्हणाली, "माझंही तिथे काहीतरी आहे, बाबा." आणि फोन ठेवला.

बंधुभगिनींनो, मी जपानवर चार पुस्तके वाचली, आकडे पाठ केले. पण त्या फोननंतर मला ते आकडे कळले. तिच्या जन्माच्या वेळी मी तीन पाळ्यांत काम करत होतो. तिची आई रात्ररात्र जागली, आणि तिला हात द्यायला शेजारच्या क्वार्टरमधल्या सरदारीण बाई होत्या, समोरच्या आंध्रातल्या मावशी होत्या. माझी मुलगी या टाऊनशिपने वाढवली. आणि मी तिला विचारत होतो, की तू एकटीने एक मूल का वाढवत नाहीस!

जपानातच ओकायामा प्रांतात नागी नावाचे छोटे गाव आहे, सहा हजारांच्या आत वस्ती. २००२ साली गावाने मतदान घेऊन ठरवले, की शेजारच्या गावांत विलीन व्हायचे नाही, आपले आपण टिकायचे. पुढे त्यांनी इतर खर्चाला कात्री लावून पैसा मुलांकडे वळवला. मुलांचे औषधपाणी फुकट केले, आयांना तास-दोन तासांचे काम मिळेल अशी सोय केली, आणि एक घर उघडले, जिथे आया बाळांना घेऊन बसतात, गावातली म्हातारी माणसे मुले सांभाळतात. २०१९ साली तिथला दर २.९५ होता. छोट्या गावाचा आकडा वरखाली होतो, आणि सोयी पाहून बाहेरून तरुण कुटुंबे आली हेही खरे. पण तिथे कोणी बायकांना उपदेश केला नाही. बाळाला घ्यायला हात पुढे केले.

आता आपल्या मंडळाकडे पाहू. पूर्वी बालचित्रकला स्पर्धेला या सभागृहात सतरंज्या कमी पडत. परवा एक सतरंजी पुरली, तीही अर्धी रिकामी. उलट खुर्च्या वाढवाव्या लागल्या, कारण खाली बसता न येणारे आपण वाढलो. हे सभागृह वर्षातले गणपतीचे दहा दिवस आणि चार-दोन कार्यक्रम सोडले तर कुलूपबंद असते. इथे सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा पाळणाघर का नसावे? एक शिकलेली पगारी बाई ठेवू, आणि तिच्या मदतीला आपण निवृत्त मंडळी पाळ्या लावून घेऊ. पाळ्यांची तर आपल्याला आयुष्यभराची सवय आहे! मराठीच मुले हवीत असे नाही. ज्या घरात आईबाप दोघे कामाला जातात, त्यांची कोणाचीही. आणि दुसरी एक यादी करू, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची. रोज सकाळी एकाने दार वाजवायचे, "चहा झाला का?" एवढेच विचारायचे. याला ना अनुदान लागते, ना देणगी.

तिसरी विनंती माझ्या पिढीतल्या सर्वांना. हळदीकुंकवाला, बारशाला, लग्नाला, कोणत्याही मुलीला 'गोड बातमी कधी?' हा प्रश्न विचारू नका. तिला होत नसेल तर त्या प्रश्नाने जीव जातो. नको असेल तर तो तिचा निर्णय आहे. आणि हवे असून जमत नसेल, तर विचारायचा प्रश्न एकच : "आम्ही काय करू?"

सौ. आणि मी पुढच्या महिन्यात बंगळूरला चाललो आहोत. बातमी वगैरे काही नाही, कृपया पेढे मागू नका. घरी स्वयंपाक कोण करते, जावईबापू किती वाजता घरी येतात, हे बघू, आणि तोंड बंद ठेवून महिनाभर राहून बघू. जमले तर पुढच्या वर्षी याच मांडवात सांगेन.

पातेल्याचे झाकण उघडल्याचा आवाज आला. तेव्हा थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!